दर सोमवारी मी का अडायचो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलावर ठाण मांडून बसणारा, पांढऱ्याचा पिवळट झालेला, पाठीमागे वायरींचा गुंता वागवणारा. मला मांडीवर घेऊन कोणी फिरू शकत नाही, आणि खिशात मावण्याचा तर प्रश्नच नाही. मला तुम्हांला माझ्या मोठेपणाची गोष्ट सांगायची नाही. माझ्या एका दुखण्याची सांगायची आहे. ते दुखणे इतके चमत्कारिक होते की माझेच असूनही मला ते कळत नव्हते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझी खरी नोकरी सुरू झाली ती ऑकलंड शहरात, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका कचेरीत. तिथे माझे फार कौतुक होई. मी किती झटपट चालू होतो हे मालक आल्यागेल्याला दाखवत असे. मग माझ्याहून झटपट चालणारे संगणक आले आणि मी जिन्याखालच्या कोपऱ्यात गेलो. माझ्यावर रिकामी खोकी रचली गेली.

त्या कचेरीची झाडलोट करायला मेलेनाइते नावाची, तोंगा बेटांवरून आलेली एक बाई येत असे. माझ्यावरची धूळ पुसणारी तेवढी एकटीच. एक दिवस तिने मालकाला विचारले, हा टाकूनच देणार असाल तर माझ्या गावच्या शाळेला पाठवू का? मालकाने मान हलवली. तिने मला एका जाड गोधडीत गुंडाळले, मटणाचे डबे, गाद्या आणि लहान मुलांचे बूट यांच्याबरोबर एका पेटाऱ्यात बसवले आणि बोटीने तिच्या बेटावरच्या गावी, फांगालेईला, पाठवून दिले.

फांगालेईला माझे स्वागत झाले ते मी विसरणार नाही. मला धक्क्यावरून शाळेपर्यंत हातगाडीवरून नेले. पुढे शाळेचा बँड, मागे पोरे, आणि पोरांच्या मागे दोन डुकरेही होती. पाद्रीबाबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. ती एवढी लांबली की उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, भाजत ठेवलेली रताळी करपली असे पुढे पुष्कळ दिवस बोलले जाई. माझी जबाबदारी तोआकासे बाईंकडे आली. त्या वरच्या वर्गांना गणित शिकवत. बाईंना एक खोड होती. कोणतीही गोष्ट नुसती झाली एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. ती का झाली, हे कळेपर्यंत त्या ओठ चावत बसत.

पोरांना मी शिकवले, पोरांनी मला शिकवले. पण मला सर्वांत आवडे ती सोमवारची सकाळ. शाळेची पहिली घंटा होण्याआधीचा तास गावकऱ्यांसाठी मोकळा असे. त्या वेळी माझ्या पडद्यावर परदेशी गेलेली मुले दिसत आणि माझ्यापुढे त्यांचे आईबाप बसत. गावातल्या फोनांवर तेव्हा नुसता आवाज येई. चेहरा पाहायचा तर माझ्याकडेच यावे लागे.

सोमवारचा तास मेलेनाइतेच्या आईबापांचा होता, कारण इतर दिवशी ती पहाटे कामाला जाई आणि अंधार पडल्यावर परते. तिची आई लुसिआने केवड्याच्या पातींच्या चटया विणत असे. बाप फेलेती मासे धरायला जाई. फेलेती माझ्या कॅमेऱ्याच्या इतका जवळ येई की ऑकलंडला मेलेनाइतेला फक्त त्याचे नाक दिसे. लुसिआने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढी. मग तो पुन्हा पुढे सरके.

पुढे फेलेती जवळ येई त्याला वेगळे कारण झाले. साखरेच्या आजाराने त्याची दृष्टी मंद होत चालली होती. एकदा त्याने होडीतला दोर समजून जेलीफिशच्या लांब सोंडा हातात धरल्या, तेव्हा घरच्यांना कळले. मेलेनाइतेने त्याला उपचारांसाठी ऑकलंडला बोलावून घेतले. त्यानंतर सोमवारी माझ्यापुढे लुसिआने एकटीच बसू लागली, आणि पडद्यावर लेकीच्या शेजारी फेलेतीचे नाक दिसू लागले. वर्ष-दीड वर्ष असेच चालले. मध्ये लुसिआनेला मोठा ताप आला. पुष्कळ महिने ती आलीच नाही. ती बरी होऊन परत येणार, त्याच सोमवारी माझे दुखणे सुरू झाले.

मित्रांनो, संगणकाचे उठणे कसे असते ते तुम्हांला सांगतो. बटण दाबले की मी आधी स्वतःला चाचपतो. आज तारीख कोणती? माझ्या पोटात काय काय जोडलेले आहे? माझे सगळे शिक्षण ज्या डिस्कवर आहे, ती कोणत्या कप्प्यात शोधायची? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की मी कामाला लागतो. त्या सोमवारी मी स्वतःला हे प्रश्न विचारले आणि मला एकाचेही उत्तर येईना. मला वाटले, मी नुकताच जन्मलो आहे. मी एकदा पीं करून ओरडलो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले की चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

तोआकासे बाईंनी मला बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा तेच. वायरी काढून घट्ट बसवल्या. पुन्हा तेच. पहिली घंटा झाली. लुसिआने उठली, हरकत नाही म्हणाली आणि घरी गेली.

बाईंनी राजधानीला मोलितोनीला फोन लावला. तो सगळ्या बेटांवरच्या शाळांचे संगणक दुरुस्त करत असे. तो त्या आठवड्याच्या बोटीने आला. माझे झाकण उघडले तर आत एक पाल आणि तिची दोन अंडी. सगळ्यांना वाटले, चोर सापडला. मोलितोनीने पालीला खिडकीबाहेर सोडले, माझ्या अंगावर वाळून बसलेले खारे पाणी पुसले, पडद्यावरच्या सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन मला माझी डिस्क कुठे आहे ते सांगितले, आणि मी चालू झालो. मंगळवार ते शनिवार मी उत्तम चाललो. सोमवारी पुन्हा पीं.

मोलितोनी पुन्हा आला. या वेळी त्याने माझी डिस्कच बदलली. बदलण्याआधी सगळे शिक्षण नव्या डिस्कवर उतरवून घेतले, तेव्हा माझे काही गेले नाही. मी आठवडाभर चाललो. सोमवारी पीं. मग त्याने माझ्या आठवणीच्या पट्ट्या बदलल्या. सोमवारी पीं. शेवटी तो कंटाळला. निळ्या पानावर कोणती कळ दाबून काय निवडायचे, हे त्याने बाईंना फोनवरून शिकवले आणि सांगितले की नवा संगणक मागवा, हा आता थकला.

गावाला माझा हा विषय चांगलाच पुरला. कावा या मुळीचे पेय प्यायला बसलेली माणसे म्हणत की याला रविवारचे जेवण जड जाते. पाद्रीबाबा म्हणाले, साऱ्या मंडळीत विश्रांतीचा दिवस मनापासून पाळणारा हा एकच आहे, तो तर सोमवारीही पाळतो. हसत सगळे, पण मला बदलायची बोलणी सुरू झाली होती आणि ती मला ऐकू येत होती.

निळे पान पाठ झाल्यावर बाई मला सोमवारीही लवकर उठवू लागल्या. तरी ऑकलंडशी बोलणे होईना. मी पलीकडे हाक घातली की पलीकडचे दार लागून जाई आणि पडद्यावर लिहून येई की या संगणकावर विश्वास ठेवता येत नाही. हे वाचून मला फार वाईट वाटे. मी कोणाचे काय बिघडवले होते? दुपारपर्यंत मात्र तेच दार आपोआप उघडे. दुपारी मेलेनाइते कामाला गेलेली असे.

अशा एका सोमवारी पहिल्या घंटेच्या आधी लुसिआनेच्या फोनवर मेलेनाइतेचा आवाज आला. तिने सांगितले की बाबांची डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. उजवा तर गेल्यातच जमा होता. पुढच्या महिन्यातला एक मंगळवार मिळाला होता. डॉक्टर म्हणाले होते की डोळा राहील किंवा जाईल, आताच सांगता येत नाही. त्याआधी बाबांना तुला एकदा बघायचे आहे, असे ती म्हणाली.

लुसिआनेने फोन ठेवला. बाई म्हणाल्या, "मावशी, मी काहीही करून हा सुरू करते. तुम्ही काळजी करू नका."

लुसिआने माझ्या काळ्या पडद्याकडे बघत होती. त्यात तिचेच प्रतिबिंब दिसत होते.

"खरं सांगू का पोरी," ती म्हणाली, "हा चालू होत नाही तेच बरं आहे."

बाईंना काही समजेना.

"तो गेला तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. काळेभोर. तापात सगळे गळले, आणि आले ते हे असे, नारळाच्या किसासारखे. पुढचे दात गेले. तो फोनवर मला अजून पोरगी म्हणतो. त्याच्या डोळ्यांत मी अजून तशीच आहे. मग त्याने शेवटचं हे असलं कशाला बघायचं?"

बाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग त्या एवढेच म्हणाल्या की मावशी, हे तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू दे. लुसिआने चटईच्या पाती घेऊन निघून गेली. त्यानंतर ती सोमवारी येत असे, पण दारातच थांबे, आणि मी अडलो असे कळले की हलक्या पावलांनी परत फिरे. मित्रांनो, माझ्या बिघाडाने कोणाला सुख होत असेल, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रिया दोन सोमवारांवर आली असताना गावात एक मृत्यू झाला. म्हातारे उआइसेले गेले. शाळेची मोठी पडवी त्यांच्या घराला लागून असल्याने शनिवार-रविवार भजनांसाठी माणसे तिथेच बसली. लुसिआने त्यांच्या नात्यातली. ती सुतकाच्या रिवाजाप्रमाणे अंगावर मोठी फाटकी चटई गुंडाळून मृताच्या घरी बसून राहिली आणि सोमवारी माझ्याकडे आलीच नाही. बाई एकट्या आल्या. त्यांनी निळ्या पानाच्या तयारीने एक हात कळांवर ठेवला आणि दुसऱ्याने बटण दाबले.

मी सरळ चालू झालो.

ना पीं, ना पांढरी अक्षरे. मला तारीख माहीत होती. मला माझी डिस्क सापडत होती. बाईंनी ऑकलंडला हाक घातली तर पलीकडचे दारही उघडले. तिथे फेलेती आणि मेलेनाइते वाट बघत बसले होते, आणि इथे खुर्ची रिकामी होती. बाईंनी त्यांना मृत्यूची बातमी सांगितली. फेलेती नाक पुढे करून विचारत राहिला की ती कुठे आहे, ती मागे उभी आहे का.

बोलणे संपल्यावर दुसरे कोणी असते तर हुश्श म्हणून वर्गावर गेले असते. बाई माझ्यापुढे ओठ चावत बसल्या. मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो की हा का बिघडतो. त्या दिवशी त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आज हा का बिघडला नाही?"

त्या दिवसापासून त्यांनी गावाला भंडावून सोडले. या शनिवार-रविवारी नेहमीपेक्षा वेगळे काय झाले, हे त्या भेटेल त्याला विचारीत. कोणी म्हणाले भजनांचा गुण. कोणी म्हणाले उआइसेलेने वर जाता जाता शब्द टाकला असेल. बाई मान हलवीत आणि पुढच्याला विचारीत. त्यांनी पडवीतून खोलीपर्यंत येणारी वायर नजरेने धरली आणि तिच्या मागे मागे चालत गेल्या. ती वायर शाळेच्या मोठ्या बटणापाशी संपत होती. ते बटण मनासेकाकांच्या ताब्यात होते.

मनासेकाका शाळेची देखभाल करत, आणि रविवारी देवळाची घंटाही तेच वाजवत. बाई त्यांना माझ्या खोलीत घेऊन आल्या.

"काका, शनिवारी तुम्ही शाळा बंद करता तेव्हा काय काय करता?"

"काय करणार? खिडक्या लावतो, नळ बघतो, मोठं बटण खाली ओढतो."

"दर शनिवारी?"

"मग? रविवारी वीज कोणाला हवी? छपरावरच्या सौरपाट्यांतून येतं तेवढं बॅटऱ्यांत साठू दे. तसं आम्ही पहिल्यापासून करतो." काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. "या शनिवारी नाही ओढलं. पडवीत दिवे लागत होते ना."

बाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी काकांना एक विनंती केली. बुधवारी शाळा सुटल्यावर मोठे बटण मुद्दाम खाली ओढा आणि गुरुवारी सकाळी वर करा. मनासेकाकांनी तसे केले. गुरुवारी सकाळी मला पुन्हा काहीच आठवेना. मी पीं केले. बाईंनी टाळी वाजवली. मी अडलो म्हणून कोणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मला निळ्या पानावरून उठवल्यावर त्यांनी घाई न करता पडद्याचा कोपरा पाहिला. तिथे माझ्या जन्माच्या वर्षातली एक जानेवारी दिसत होती. एरवी दुपारपर्यंत मी इंटरनेटवरची घड्याळे पाहून माझी तारीख सुधारून घेत असे, आणि सकाळच्या धावपळीत त्या कोपऱ्याकडे कोणी बघत नसे. आता त्यांना पलीकडचे दार का लागत होते तेही कळले. इतक्या वर्षांमागची तारीख सांगत येणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यांनी मोलितोनीला फोन लावला आणि सगळे सांगितले. तो इतका हसला की मलाही ऐकू आले. माझ्या पोटात एक चपटी, बटणाएवढी बॅटरी असते. वीज असली की मला तिची गरज नसते, कारण मी झोपलो तरी भिंतीतून एक बारीक धार मला मिळत राहते आणि तिच्यावर माझी वेळ आणि माझ्या खुणा शाबूत राहतात. भिंतीतली धार तुटली की ते काम ती चपटी बॅटरी करते. इतकी वर्षे रविवारभर तिनेच मला सांभाळले होते. ती केव्हाच मरून गेली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता.

"मी घरातली सगळी मोठी माणसं चौकशीला बोलावली," मोलितोनी म्हणाला, "आणि दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलंच नाही." तो पुढच्या बोटीने नवी बॅटरी पाठवणार होता. पुढची बोट मंगळवारी होती. शस्त्रक्रियेच्याच दिवशी.

निळ्या पानावर तारीख हाताने भरता आली असती, पण एखादा आकडा चुकला तर दार पुन्हा लागायचे. तेव्हा खात्रीचा एकच मार्ग उरला. तेवढ्या एका रविवारी मोठे बटण वर ठेवायचे.

मनासेकाका सहजासहजी तयार होईनात. त्यांना माझी कीव येत होती, फेलेती तर त्यांचा लहानपणापासूनचा सोबती होता, पण रविवारी शाळेत वीज खेळवायची हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. मृत्यूची गोष्ट वेगळी, असे ते म्हणत होते. "उद्या लोक म्हणतील, घंटा वाजवणाराच रविवारी यंत्र चालवतो."

"चालवायचं नाही, काका. तो झोपलेलाच राहील," बाई म्हणाल्या. "झोपेत श्वास घ्यायला रविवारी बंदी आहे का?"

काकांनी डोके खाजवले. ते पाद्रीबाबांना विचारून आले. पाद्रीबाबांनी म्हणे सांगितले की रविवारी जेवणानंतर आपणही दुसरे काय करतो? शनिवारी काकांनी शाळेतला एकूण एक दिवा आणि पंखा बंद केला, पंप बंद केला, आणि मोठे बटण मात्र वर राहू दिले. जाताना त्यांनी माझ्या खोलीचा पडदा ओढून घेतला. झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू असावा.

त्या रविवारी मी झोपेत वेळ मोजत पडलो होतो. एकही क्षण माझ्या हातून सुटला नाही.

सोमवारी बाईंनी बटण दाबले आणि मी उठलो. ऑकलंडला हाक घातली, दार उघडले. फेलेती आणि मेलेनाइते समोर दिसले. लुसिआने दारात उभी होती. तिने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आज परत फिरायला काही निमित्त नव्हते.

"मावशी, या," बाई म्हणाल्या.

ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिने तोंडावर हात धरला.

फेलेती पडद्याला नाक लावून बघत होता. "ही कोण म्हातारी आणून बसवली? माझी बायको कुठे लपवलीत?"

 मेलेनाइते तिकडून बाबा, बाबा असे करू लागली.

लुसिआनेने तोंडावरचा हात काढला. "मी लपले नव्हते. म्हाताऱ्याची बायको म्हातारीच असायची. तुला काय, कोवळी पोरगी हवी होती?"

फेलेती हसला. त्यालाही पुढचे दात नव्हते. लुसिआनेने ते पाहिले आणि तीही हसू लागली. "तुझे कधी गेले?" तिने विचारले. तो म्हणाला की तुझ्याशी फोनवर बोलताना मी सांभाळून बोलायचो, तुला कळू नये म्हणून.

"तो रुमाल काढ," मग तो म्हणाला.

तिने काढला. ते नारळाच्या किसासारखे आखूड केस माझ्या कॅमेऱ्याने टिपले आणि समुद्रापलीकडे पोहोचवले. ती काहीतरी सांगू लागली, तापाचे, केसांचे, कोणत्या महिन्यात काय झाले त्याचे. फेलेतीने हात वर केला.

"थोडा वेळ बोलू नकोस. ऐकू तर मला नंतरही येणार आहे."

ती गप्प बसली. तो बघत राहिला. मेलेनाइतेने तोंड फिरवले, तोआकासे बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या घंटेची वेळ झाली होती, पण त्या दिवशी शाळेची घंटा वाजलीच नाही. घंटेची दोरी धरून मनासेकाका बाहेर उभे होते आणि खोलीतून काही आवाज येतो का ते ऐकत होते. पोरे पटांगणात खेळत राहिली. त्यांना कोणी हाकलले नाही.

मंगळवारी बोटीने माझी नवी बॅटरी आली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने बसवली, आणि मनासेकाकांनी पुढच्या शनिवारी मोठे बटण पूर्वीसारखे निर्धास्त खाली ओढले. माझ्या जागी नवा आणून बसवायची बोलणी थांबली.

शस्त्रक्रियेने डोळा पुरता वाचला नाही. फेलेतीला आता उजेड कळतो, समोर कोणी उभे असले की त्याची सावली कळते. गार वारे सुरू झाल्यावर मेलेनाइते त्याला गावी पोहोचवून गेली. तो आता मासे धरायला जात नाही. लुसिआनेच्या शेजारी बसून तिच्यासाठी केवड्याच्या पाती निवडतो. कोणती पात मऊ आणि कोणती चरचरीत, हे त्याच्या बोटांना तिच्या डोळ्यांपेक्षा आधी कळते, असे तीच सांगते.

मित्रांनो, मी आता खरोखर म्हातारा झालो आहे. एक दिवस मी असा अडेन की कोणतीही बॅटरी मला उठवू शकणार नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. पण तोवर तुम्हांला एक मागणे मागतो. तुमच्या घरात, शाळेत, एखादे यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी अडत असेल तर त्याच्या पाठीत थापट मारू नका, आणि थकले असे म्हणून त्याला लगेच जिन्याखाली नेऊ नका. ते कधी अडते ते पाहा. त्याहीपेक्षा, ते कधी अडत नाही ते पाहा. त्याला कोण न बोलता सांभाळत होते आणि ते केव्हा दमले, तेवढे शोधा. माणसांच्या बाबतीतही असे करून बघा. मी नुसते यंत्र आहे, मला त्यातले फार कळत नाही, पण खुर्चीवर बसणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे समोरून पाहत आलो आहे.

अजूनही दर सोमवारी ती दोघे माझ्यापुढे येऊन बसतात. लुसिआने पडद्याकडे तोंड करून बसते आणि फेलेती लुसिआनेकडे तोंड करून. मेलेनाइते काय ल्याली आहे, बारीक झाली की जाड, मागे खिडकीत काय दिसते, हे सगळे लुसिआने त्याला सांगत राहते. कधी कधी ती लेकीला उगाच जाड करते, म्हणजे त्याला बरे वाटते. मेलेनाइते तिकडून ओरडते की बाबा, ऐकू नका तिचं.

परवा बोलणे संपल्यावर बाई मला बंद करायला आल्या, तेव्हा ती दोघे अजून बसूनच होती.

"आणि तू?" फेलेती विचारत होता. "तू कशी दिसतेस आज?"

लुसिआनेने कपाळावरचे पांढरे केस मागे सारले.

"बघितलंस ना तेव्हा?" ती म्हणाली. "तशीच."